माळ्यावरचे तांबे

दिवाळीपूर्वी आठ दिवस आमच्या घरी माळा उतरविण्याचा विधी होत असतो. विधी म्हणावयाचे कारण असे की, माळ्यावरच्या सर्व वस्तू खाली येतात, त्यांवरची धूळ झटकली जाते, एकेका वस्तूवरून आमचा व आमच्या गृहिणीचा यथासांग वाद होतो, आणि तिसऱ्या दिवशी बहुतेक वस्तू होत्या त्याच जागी परत जातात. आमच्या वडिलांच्या काळी या माळ्यावर मोडका पाळणा, तांब्याचा गळका बंब आणि भात मोजण्याची जुनी मापे असत. हल्ली तेथे पाठीमागे भले मोठे पोट असलेला संगणकाचा पडदा, दोन कळफलक, तीन-चार मृत मोबाइल, तारांचा एक न सुटणारा गुंता, आणि कन्या महाविद्यालयात असताना घेतलेला व ती पदवीधर होण्यापूर्वीच गतप्राण झालेला लॅपटॉप अशी मंडळी आहेत. पाळणा ठेवण्यात काही आशा होती. बंब ठेवण्यात निदान तांब्याची किंमत होती. या नव्या वस्तू आपण का ठेवतो, हे आम्हांस आजवर कोणी पटवून दिलेले नाही. टाकवत नाहीत म्हणून ठेवतो, एवढेच.

२०२३ सालच्या दिवाळीत या वादात आमचा पराभव झाला आणि भंगारवाल्यास बोलवावयाचे ठरले. हा गृहस्थ गेली पंचवीस वर्षे आमच्या आळीत हातगाडी घेऊन येतो. पूर्वी त्याची आरोळी रद्दी, बाटल्या, पत्र्याचे डबे अशी असे. आता तिच्यात काँप्युटर, टीव्ही, मोबाइल हे शब्द येऊन बसले आहेत आणि बाटल्या गळाल्या आहेत. भाषेत नवे शब्द कसे रुळतात यावर आमचे सहकारी व्याख्याने देतात. त्यांनी एकदा या आरोळ्या उतरून घ्याव्यात. असो. त्याने तारा काट्यावर घातल्या, मोबाइल उलटेसुलटे करून पाहिले, लॅपटॉप गाडीवर ठेवला, आणि पडद्याच्या त्या पेटीपाशी येऊन तो थांबला.

"ही नको, सर."

"का? आत तांबे असते ना?"

"असतं की. पण भाच्यानं सांगितलंय, मामा, काचेच्या पेटीला हात लावू नका. तो आजारी होऊन आलाय मुंबईहून."

कसला आजार, असे आम्ही विचारले. "पोटाचा," तो म्हणाला, आणि काट्यावरच्या तारा उगीचच सारख्या करू लागला. पंचवीस वर्षांत भाव सांगण्यापलीकडे या माणसाने आमच्याशी घरगुती असे काही बोललेले आम्हांस आठवत नाही. त्या दिवशी मात्र त्याने भाव सांगितलाच नाही.

मुंबईहून आजारी होऊन आला, हे वाक्य कोकणातल्या घरांस नवे नाही. या मुलाचा आजा परळच्या एका गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात होता. कापसाच्या धुळीने छाती भरून येणे, विशेषतः सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी दम लागणे, हा त्या खात्यातला ओळखीचा विकार. डॉक्टर त्यास बिसिनोसिस म्हणतात. आजा खोकतच निवृत्त झाला. परंतु त्याच्या खोकल्यास एक पत्ता होता. कामगार विम्याचे कार्ड होते, परळचे विम्याचे रुग्णालय होते, हजेरीपटावर नाव होते, आणि भांडावयास संघटना होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या संपातून पुष्कळ घरे परत उभी राहिली नाहीत. मुलाचा बाप गावी परतून मिरकरवाड्यास होडीवर खलाशी झाला व अकाली वारला. मुलगा दहावीपर्यंत शिकून सतराव्या वर्षी पुन्हा मुंबईस गेला. गिरण्या नव्हत्या, कुर्ल्यास एका गल्लीत भंगाराचे काम होते. मामा भंगारातलाच, तेव्हा काम ओळखीचे वाटले.

पुढल्या रविवारी आम्ही त्यास पाहावयास गेलो. बावीस वर्षांचा मुलगा, पण चेहऱ्याचा रंग उतरलेला, आणि पोटात कळ आली की भिंतीकडे तोंड करून निजत असे. चार ठिकाणी दाखवून झाले होते. एकाने पित्त म्हटले, एकाने कृमी, एकाने आतडे उघडून पाहावे लागेल असे सांगितले; शेवटी आईने देवाला कौलही लावला. आम्ही त्यास आमच्या एका स्नेह्यांकडे नेले. हे डॉक्टर आता दवाखाना चालवीत नाहीत, बागेत वेळ घालवितात. पण अडल्या माणसास परत पाठवीत नाहीत. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, आणि मग विचारले, "बाबा रे, तू काम काय करतोस?"

चौघांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. आणि प्रश्न काही नवा नाही. इटलीतील मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगितले की, हिप्पोक्रातेसने रोग्यास जे प्रश्न विचारावयास शिकविले त्यांत आणखी एकाची भर घालावी: तुझा धंदा काय? हे त्यास सुचले ते आपल्या घरचा शौचकूप उपसणाऱ्या एका माणसामुळे. तो माणूस इतकी घाई का करतो, असे त्याने सहज विचारले. येथे चार तासांहून अधिक काम केले तर आंधळाच होईन, असे उत्तर मिळाले. हे लोक घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसतात व कोमट पाण्याने डोळे धुतात, हे त्या थोर वैद्यास तोवर ठाऊक नव्हते. आणि घर तर त्याचे स्वतःचेच होते! आम्ही हा प्रसंग वर्गात पुष्कळदा सांगितला आहे. आपल्या घरचे काय उपसले जाते व कोणाकडून, हे त्या सांगण्याच्या ओघात आमच्या मनात कधी आले नाही.

मुलाने काम सांगितले. डॉक्टरांनी त्यास तोंड उघडावयास लावून हिरड्या पाहिल्या व आम्हांसही दाखविल्या. दातांच्या कडेने निळसर काळी, रेशमाच्या धाग्याएवढी रेघ होती. मग त्यांनी त्यास दोन्ही हात पुढे धरून पंजे वर करावयास सांगितले. उजवा पंजा वर राहीना. "ही रेघ विद्यार्थी असताना एकदाच पाहिली होती," ते म्हणाले, "छापखान्यातल्या खिळे जुळविणाऱ्या माणसाच्या तोंडात. पुन्हा दिसेल असे वाटले नव्हते." आम्ही ज्या जुन्या मासिकांवर वाढलो त्यांचा प्रत्येक शब्द कोणीतरी शिशाच्या खिळ्यांतून वेचून जुळविला होता, हे त्या वेळी आठवले. रक्त तपासणीसाठी मुंबईस पाठवावे लागले. उत्तर आले ते वाजवीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते. वाजवी तरी कशास म्हणावे? शिशाचे अमुक प्रमाण रक्तात असले तरी चालेल अशी सुरक्षित मर्यादा ठाऊकच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बरे वाटू लागल्यावर मुलगा हळूहळू बोलू लागला. दहा फूट लांब, बारा फूट रुंद खोली. तीत सहा जण. बाकीचे पाच उत्तरेकडचे, कोकणातला हा एकटा. संगणक फोडले की त्यांतून हिरव्या पाट्या निघतात. पाटी शेगडीवर धरावयाची. डाख वितळला की दगडावर आपटावयाची, म्हणजे तिच्यावर बसविलेले सर्व सुटे भाग खाली पडतात. डाखाचे थेंब गोठून चांदीच्या मण्यांसारखे होतात, ते झाडून गोळा करावयाचे, त्यांचा भाव निराळा. लहानपणी दारात कल्हईवाला आला की आम्ही नवसागराच्या त्या वासात मुग्ध होऊन बसत असू. तो तांब्यावर कथील चढवी. हा मुलगा तांब्यावरचे उतरवीत होता. पण जुन्या यंत्रांच्या डाखात नुसते कथील नसते. शंभर भागांत साठ कथील व चाळीस शिसे, असे सामान्यतः त्याचे प्रमाण असे. युरोपात २००६ च्या जुलैपासून नव्या यंत्रांत शिसे वापरण्यास मनाई झाली खरी. परंतु भंगाराच्या गल्लीत येते ते जुनेच. पडद्याच्या मोठ्या नळीच्या काचेतही शिसेच असते. ती हातोड्याने फोडून मानेवरचे तांब्याचे वेटोळे काढून घेतात आणि काच कोठेतरी लोटून देतात.

रात्री तारा जाळावयाच्या. वरचे प्लॅस्टिक जळून गेले की तांबे उघडे पडते. सोलण्यात दिवस जातो तेथे जाळण्यात घटका पुरते. ते वेष्टन बहुधा पीव्हीसीचे, आणि पीव्हीसीत क्लोरिन असते. ते उघड्यावर अर्धवट जळले म्हणजे डायॉक्सिन नावाची अत्यंत चिवट विषे तयार होतात, आणि तार तांब्याची असल्याने तांबेच त्या क्रियेस हातभार लावते. शेजारच्या खोलीत तेजाबाचे काम चाले. मोबाइलच्या पाट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, तो तेजाबात सोडवावयाचा. त्यातून जो तांबूस पिवळा वायू निघतो तो हुंगणाऱ्यास त्या वेळी फारसे काही होत नाही. कित्येक तासांनी, बहुधा मध्यरात्री, फुप्फुसांत पाणी भरू लागते. "आम्ही गूळ खायचो," मुलगा म्हणाला. गुळाने घशातला धूर उतरतो असा कामगारांत सर्वत्र समज आहे. गूळ खावयाचा तो त्याच हातांनी. वडापावही त्याच हातांनी, आणि निजावयाचे त्याच खोलीत.

शिसे शरीरात गेले की शरीर त्यास चुना समजते. हाडास जो चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो त्याच्या जागी ते जाऊन बसते व तेथे वीस-वीस, तीस-तीस वर्षे राहते. स्त्री गरोदर झाली व तिची हाडे झिजू लागली म्हणजे ते पुन्हा रक्तात उतरते आणि पोटातल्या मुलाकडे जाते. आमच्या रसशास्त्राने शिशास नाग हे नाव का दिले, याची व्युत्पत्ती पंडितांनी सांगावी. आम्हांस ते नाव आता पटते. मोठ्या माणसाचे पोट दुखते, रक्त कमी होते, मनगट लुळे पडते. लहान मुलाचे मात्र वरून काहीच दिसत नाही, त्याची बुद्धी तेवढी खुंटते. चीनमधील ग्वीयू हे एके काळी जगातील अशा भंगाराचे सर्वांत मोठे गाव. तेथील एक ते सहा वर्षांच्या मुलांचे रक्त शांतौच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी तपासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डेसिलिटरमागे सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. हे काम न होणाऱ्या शेजारच्या गावी ९.९४. ही मुले शेगडीवर बसत नव्हती. ती नुसती तेथे राहत होती. आमच्या देशात दिल्लीचे सीलमपूर आणि पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले मुरादाबाद यांची अशीच ख्याती आहे. कुर्ल्याच्या व साकीनाक्याच्या गल्ल्यांतून सुटलेल्या पाट्या पुढे अशाच ठिकाणी जातात.

त्या जानेवारीत विद्यापीठाच्या कामासाठी आम्हांस कालिन्यास जावे लागले. तीस वर्षे आम्ही तेथे जात आहो. मुलाने सांगितलेली गल्ली तेथून पायी जाण्याच्या अंतरावर निघाली! दोन बाजूंस पत्र्याच्या खोल्या, मधून गटार, आणि भिंतीस टेकवून रचलेल्या पडद्यांच्या पेट्या. मालकाने चहा पाजला, फोटो काढू नका म्हणाला, आणि आम्ही मास्तर आहो हे कळल्यावर आपल्या धाकट्या मुलाच्या इंग्रजीविषयी सल्ला विचारला. दुष्ट माणूस पाहण्याच्या तयारीने आम्ही गेलो होतो. तो स्वतः त्याच खोलीत बसतो व त्याच धुरात खोकतो, हे पाहून आमची पंचाईत झाली. अर्ध्या तासात आमचे डोळे चुरचुरू लागले आणि आम्ही निरोप घेतला.

निघताना त्या पेट्यांच्या रांगेकडे नजर गेली. काहींच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडे व अक्षरे लिहिलेली होती. सरकारी कचेरीत वा शाळा-महाविद्यालयांत ज्याने काम केले आहे त्यास हे आकडे सांगावे लागत नाहीत. ते जडसंग्रह नोंदवहीतले क्रमांक. आम्ही वाकून वाचू लागलो. आमच्या संस्थेचा एकही नव्हता. पण तो असावयास हरकत काहीच नव्हती, आणि म्हणून तर आम्ही वाकलो.

गोष्ट अशी की, २०१३ साली आम्ही शिकवितो त्या संस्थेने संगणकाचे शेहेचाळीस जुने पडदे काढून टाकले. त्यासाठी निर्लेखन समिती नेमली होती व आम्ही तिचे सभासद होतो. तीन बंद पाकिटे उघडली, सर्वांत जास्त भाव देणाऱ्यास माल दिला, नगास शंभरांच्या आतबाहेर रक्कम आली, बिस्किटांसह चहा झाला व आम्ही सह्या केल्या. व्यवहार इतका चोख की लेखापरीक्षकाने त्यावर अक्षर काढले नाही. वस्तुतः अशा यंत्रांच्या कचऱ्याविषयीचे केंद्र सरकारचे नियम १ मे २०१२ पासून अमलात आले होते आणि त्यांत मोठ्या ग्राहकांच्या यादीत शिक्षणसंस्थांचे नाव स्पष्ट होते. माल केवळ नोंदणीकृत वा अधिकृत ठिकाणीच द्यावयाचा होता. आमच्यापैकी एकानेही तो नियम वाचलेला नव्हता. सर्वांत जास्त भाव कोणाचा, हे मात्र आम्ही दोनदा तपासून घेतले. तो भाव जास्त का होता, हे आता कळते. ज्यास धुराडे नाही, गाळणी नाही, विमा नाही, तेजाबाचे पाणी गटारात सोडून देता येते, तो परवाना घेऊन बसलेल्या कारखान्याहून चार रुपये अधिक सहज देऊ शकतो. नगामागे मिळालेले ते जास्तीचे रुपये आमच्या संस्थेच्या खात्यात जमा आहेत.

मुलाचे औषध चालू असता १ मार्च २०२४ च्या वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. तामिळनाडूत तुतिकोरीन येथील स्टरलाइट कंपनीचा तांबे वितळविण्याचा कारखाना पुन्हा चालू करू द्यावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने आदल्या दिवशी फेटाळली होती. त्या कारखान्याच्या धुराविरुद्ध तेथील लोकांनी चालविलेल्या आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, २२ मे २०१८ रोजी, पोलिसांनी गोळीबार केला व त्यात तेरा माणसे मेली. त्यानंतर सहा दिवसांनी राज्य सरकारने कारखाना बंद केला. रत्नागिरीकर वाचकांस पुढचे सांगावयास नको. हा कारखाना प्रथम येथे व्हावयाचा होता. जागा मिळाली होती, बांधकाम सुरू झाले होते. गंधकाच्या धुराने हापुसाचा मोहर करपेल, मासळी जाईल, म्हणून सारा जिल्हा उठला, आणि जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबविण्याचा हुकूम काढला. आम्ही तेव्हा तेवीस वर्षांचे, नुकतेच एम. ए. झालेले, मोर्चात आमचा आवाज पुष्कळांहून मोठा होता. प्रतिवर्षी विद्यार्थ्यांस आम्ही ही हकीकत सांगतो, आणि खोटे कशास बोला, सांगताना छाती थोडी फुगते.

तो अभिमान अजूनही आम्हांस चुकीचा वाटत नाही. मोहर वाचला, हे बरेच झाले. परंतु कारखाना येथून उठला तो कोठे गेला, याची चौकशी आम्ही पंचवीस वर्षे केली नाही. २०१८ साली तुतिकोरीनचे नाव पहिल्या पानावर आले तेव्हा केली. आणि मधल्या काळात आमच्या घरात तांबे येतच राहिले. दूरध्वनी आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आले, मग प्रत्येकाच्या खिशात एकेक मोबाइल आला. ते तांबे कोणीतरी कोठेतरी वितळविले होते, आणि आमचे वापरून झाल्यावर ते परत कोणीतरी कोठेतरी वितळवीत होते. तांबे आम्हांस हवे होते. धूर तेवढा नको होता. आंब्याच्या मोहरासाठी आम्ही रस्त्यावर उतरलो. या मुलाच्या मनगटासाठी मोर्चा कोणी कोणावर न्यावा? पहिला आमच्याच दारावर यावयाचा.

जगाचा हिशोब पाहिला तर डोळे फिरतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात असा कचरा ६ कोटी २० लाख टन निघाला व त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद आहे. राहिलेला बराचसा अशाच खोल्यांतून वा उकिरड्यावर जातो. आमच्या देशाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत वस्तूंची यादी एकवीसवरून एकशे सहावर गेली आणि माल बनविणाऱ्यांवर तो परत मार्गी लावण्याची जबाबदारी टाकण्यात आली. नियम चांगले आहेत. पण नियमाची नजर कारखान्यापर्यंत पोहोचते. सहा जणांच्या खोलीस कोणी कारखाना म्हणत नाही. १९४८ सालच्या कारखाना कायद्यात, डॉक्टरने सरकारास कळवावयाच्या रोगांच्या यादीत शिशाची बाधा अगदी पहिली होती! रोग कायद्यात होता. रोगी जेथे बसला होता ती खोली कायद्यात नव्हती. आज्याच्या खोकल्यास असलेला पत्ता नातवाच्या पोटशुळास नाही तो यामुळे.

या गल्ल्या उठवून द्याव्यात, असे म्हणणारे आमच्या मित्रमंडळात पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आमचे जमत नाही. उठविलेली शेगडी दुसऱ्या गल्लीत, बहुधा याहून अंधाऱ्या, पेटते. शिवाय दारोदार फिरून एकूणएक जुनी वस्तू गोळा करण्याचे जे कसब आमच्या हातगाडीवाल्यापाशी आहे ते कोणत्याही परवानाधारक कंपनीपाशी नाही. आमच्या आळीत कंपनीचा माणूस आजवर एकदाही आलेला नाही. गोळा करणे, निवडणे, पेचकसाने उघडणे यांत मुखपट्टी, हातमोजे व साबण असला तर फारसा धोका नाही. जीव जातो तो विस्तवाने आणि तेजाबाने. तेवढी दोन कामे धुराडे असलेल्या बंद कारखान्यात न्यावीत व वरची सारी या लोकांकडेच, हिशोबाने आणि विम्यासह, राहू द्यावीत, असे आमच्या अल्पमतीस वाटते. आम्ही हे डॉक्टरांस बोलून दाखविले. ते गुलाबाची कलमे छाटीत होते. "भाव तू देणार का?" एवढेच त्यांनी विचारले.

मार्चअखेर शिमगा आला. रत्नागिरीच्या गावांतून शिमग्यास ग्रामदेवतेची पालखी निघते आणि तरणी पोरे ती खांद्यावर घेऊन नाचवितात. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा काढून येतात. पालखीला खांदा दिला नाही तर वर्ष फुकट गेले असे मानतात. आमचा मुलगाही पालखीबरोबर होता. पोटाची कळ थांबली होती, चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. पण पालखीचा दांडा धरावयास लागणारा पंजा अजून भरवशाचा नव्हता. त्याच्या सोबत्यांनी त्यास काही म्हटले नाही. एकाने हातात मशाल दिली. तो ती डाव्या हातात धरून पालखीच्या कडेने चालत राहिला, आणि धूर तोंडावर आला की मान वळवी.

कामावर परत जाऊ नको, असे डॉक्टरांनी त्यास स्पष्ट सांगितले होते. या रोगास औषध आहे, परंतु पहिले औषध म्हणजे त्या जागेपासून दूर राहणे. त्यावाचून बाकीची व्यर्थ. त्याने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाला, "काका, मग करू काय?" आम्ही दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. एका दुकानात जागा होती, पगार मुंबईच्या निम्मा. आईचे कर्ज होते, त्याच्याच आजारपणाचे. पालखी देवळात बसल्यानंतर चार दिवसांनी तो गाडीत बसला. जाताना आम्हांस म्हणाला की शेगडीवर बसणार नाही, पेचकसाचेच काम मागून घेईन. आम्ही त्यास साबण व हातमोजे दिले. देताना आम्हांस लाज वाटली, ती त्यास दिसली असावी. त्याने ते लगेच पिशवीत घातले.

जूनमध्ये, पहिल्या पावसात, त्याचा निरोप मोबाइलवर आला. रक्ताच्या दुसऱ्या तपासणीचा कागद होता. आकडा पहिल्याहून पुष्कळ खाली आला होता, वाजवीच्या वरच होता. खाली लिहिले होते: "पेचकसावर आहे. हात आता वर राहतो. मामांना सांगितलंय, तुमची पेटी न फोडता गोणीत घालून आणा. इथे एक परवानावाला येतो, त्याला देईन. भाव मिळणार नाही."

मामा दोनदा येऊन गेला. पेटी उतरविण्यास आम्ही स्वतः माळ्यावर चढलो, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती नेमकी कोणाच्या हाती जाईल, वाटेत कोण उघडील, याचा विचार करीत तेथेच बसून राहिलो. खालून गृहिणीने दोनदा हाक मारली. पेटी अद्याप माळ्यावर आहे.